एन्व्ह फाइलचा नमुना रेपोत ठेवायचा तर त्यात नेमकं काय लिहावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. चौघांच्या टीमसाठी एन्व्ह फाइलचा, म्हणजे ॲपच्या सेटिंग आणि पासवर्ड ठेवायच्या फाइलचा, नमुना कसा असावा, आणि एका सहकाऱ्याने त्यात चुकून खरी की, म्हणजे एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली, भरून ती रेपोत (टीमच्या सामायिक कोडसाठ्यात) पुश केली होती, ती ओळ पुसून पुन्हा कमिट केलं एवढं पुरे का.

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते आजच करायचं आहे. पुरे नाही. जुन्या कमिटमध्ये ती की तशीच आहे आणि ज्याने ज्याने रेपो क्लोन केला त्याच्याकडेही आहे. ज्या सेवेची की आहे तिथे जाऊन नवी काढा आणि जुनी रद्द करा. हिस्टरी साफ करायची तर त्यानंतर. रेपो प्रायव्हेट आहे यावरही विसंबू नका. २०१६ मध्ये उबरच्या सुमारे ५.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोरांना ॲमेझॉन क्लाउडची की कंपनीच्या प्रायव्हेट गिटहब रेपोतच मिळाली होती. आणि त्या सहकाऱ्याला रागावू नका. पुढच्या वेळी त्याने लपवलं तर जास्त महागात पडेल.

आता नमुना. पोर्ट ३००० सारख्या साध्या गोष्टी खुशाल भरून ठेवा. पण पासवर्ड आणि कीच्या जागी कुठेही चालेल अशी व्हॅल्यू नको. ‘चेंजमी’सुद्धा नको! लोकल डेटाबेसला तोच पासवर्ड दिला की ॲप सुरू होतं, मग तो बदलायचं कोणाच्या लक्षात राहत नाही आणि तसाच प्रॉडक्शनला जातो. जागा रिकामी ठेवा, आणि ॲप सुरू होतानाच तपासून ‘अमुक व्हेरिएबल भरलेलं नाही’ असं नाव घेऊन थांबू द्या. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये हेच दिसेल: नमुन्यात ॲप की रिकामी असते आणि ती वेगळी कमांड चालवून तयार करायची. प्रत्येक नावाच्या वर एका ओळीत लिहा की ही व्हॅल्यू कशासाठी लागते आणि कोणाकडे मागायची. खोटा ईमेल पत्ता हवा असेल तर एक्झाम्पल डॉट कॉम वापरा. ते नाव १९९९ पासून उदाहरणांसाठीच राखीव आहे. मनाने रचलेलं डोमेन कोणाचं तरी खरं निघू शकतं.

मी पूर्वी स्वतःची एन्व्ह फाइल कॉपी करून त्यातल्या व्हॅल्यू एकेक पुसायचो. एकदा मेलच्या पासवर्डची ओळ राहून गेली. दोन दिवसांत क्लायंटच्या खात्यावरून स्पॅम गेला, खातं बंद झालं आणि त्यांच्या ग्राहकांना ऑर्डरचे मेल मिळेनात. तेव्हापासून क्रम उलटा केला. नवं व्हेरिएबल आधी नमुन्यात नुसत्या नावाने लिहायचं, मग तिथून आपल्या फाइलमध्ये न्यायचं. खरी फाइल नमुन्याकडे कधीच जात नाही.

गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, एन्व्हनंतर तारांकन (.env*) असेल तर नमुनाही वगळला जातो, म्हणून त्याच्यासाठी उद्गारचिन्हाने सुरू होणारी वेगळी ओळ लिहा. आधीच ट्रॅक झालेल्या, म्हणजे एकदा कमिट केलेल्या, फाइलवर मात्र गिटइग्नोर चालत नाही. डॉकर (ॲप इमेजमध्ये बांधून चालवायचं साधन) वापरत असाल तर डॉकरइग्नोरमध्येही खरी फाइल टाका, नाहीतर सगळं फोल्डर कॉपी होताना ती इमेजमध्ये जाऊन बसते. चौघांच्याही मशीनवर कमिटच्या आधी गिटलीक्स (कोडमध्ये राहिलेल्या की आणि पासवर्ड शोधणारं साधन) आपोआप चालेल असा हुक लावा, अर्ध्या तासाचं काम आहे. पण आधी ती की रद्द करा.