लॅटिन ‘कोमेस’ म्हणजे काउंट, युरोपातला सरदार, ना? मग षष्ठीत ‘कोमितिस’ का होतं?

मूळ अंग, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचं रूप, ‘कोमित-’ आहे. प्रथमेत शेवटी ‘स्’ लागला की आधीचा ‘त्’ गळतो, ‘इ’च्या जागी ‘ए’ दिसतो आणि ‘कोमेस’ उरतं. संस्कृतात ‘भगवान्’ पण षष्ठीत ‘भगवतः’, तसंच. नाम तृतीय गणातलं, म्हणजे लॅटिन नामं चालवण्याच्या गटांपैकी तिसऱ्यातलं. शब्दाचा मूळ अर्थ ‘सोबती’; तो पुरुष असो वा स्त्री, रूप एकच. द्वितीया ‘कोमितेम’, अनेकवचन ‘कोमितेस’.

मुळात ही पदवी नव्हतीच. ‘कोम’ म्हणजे सोबत आणि ‘इत’ हा ‘जाणे’ धातूचा अंश, म्हणजे बरोबर जाणारा, सोबती. (आपल्या ‘समिती’तही ‘सम्’ला हाच ‘इ’ धातू जोडलाय! धातू खरंच सख्खा आहे, उपसर्ग मात्र वेगळा.) सम्राटाबरोबर फिरणारी मंडळी हळूहळू वजनदार झाली आणि चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने ‘कोमेस’ला रीतसर दर्जाच देऊन टाकला. साहेबाच्या गाडीत बसणाऱ्याला मान मिळतो, ते तेव्हाही होतं म्हणायचं.

पुढच्या भाषांनी प्रथमा नाही, द्वितीया उचलली: ‘कोमितेम’वरून फ्रेंच ‘कोंत’, इटालियन ‘कोंते’, पोर्तुगीज ‘कोंद’. इंग्रजी ‘काउंट’ फ्रेंचमधून आला. वास्को द गामाला 1519 मध्ये मिळालेली विदिगेराची सरदारकी याच ‘कोंद’ दर्जाची.

पण माझा आवडता वंशज वेगळाच आहे. ‘कोमेस स्ताबुली’ म्हणजे शाही तबेल्याचा प्रमुख. तो झिजत झिजत ‘कॉन्स्टेबल’ झाला, आणि आज नाक्यावर उभा राहून आपलं लायसन मागतो.