नमाज मोजायची कशी, आणि त्यावर करिअर होतं का?

प्रश्न: मी मिरजेला टी.वाय.बी.ए. मानसशास्त्र करते. प्रकल्पाचा विषय 'मुस्लिम तरुणांमधली धार्मिकता आणि ताण'. धार्मिकता मोजायची पाच प्रश्नांची ड्यूक विद्यापीठाची सूची घेतली, 'चर्च' काढून 'मशीद' घातलं आणि 60 जणांकडून भरून घेतली. बेरीज केली तर मुली मुलांपेक्षा कमी धार्मिक निघाल्या. गाइड मॅडम म्हणतात, तसं लिहून टाक. मला पटत नाही. पुढे हेच काम करायचं आहे. घरचे विचारतात, यात नोकरी कुठली?

उत्तर: तुझं न पटणं बरोबर आहे. या सूचीचा पहिलाच प्रश्न प्रार्थनास्थळी किती वेळा जाता, हा आहे. बायकांवर जुम्म्याची (शुक्रवारची) नमाज फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत त्यांच्यासाठी जागाही नसते. घरी पाचही वक्त नमाज पढणाऱ्या मुलीला तुझ्या फॉर्मवर 'कधीच नाही'पुढे खूण करावी लागली. गुण तिथेच गेले. दुसऱ्या प्रश्नात खासगी प्रार्थना, ध्यान आणि बायबलवाचन एका दमात विचारलं आहे. नमाज, दुआ (मनातलं मागणं) आणि तिलावत (कुराणपठण) मात्र एकमेकींत मिसळून चालत नाहीत. नमाज चुकवणारा मुलगाही परीक्षेच्या आदल्या रात्री मनापासून दुआ मागतो. धर्माचे संशोधक श्टेफान हुबर यांच्या धार्मिकतेच्या मोजपट्टीच्या आंतरधर्मीय रूपात फर्ज नमाज वेगळी विचारली जाते ती याचसाठी.

आता नवे प्रश्न रचताना कुठे फसायला होतं ते बघ. 'अल्लाह एक आहे असं मानता का?' याला जवळपास सगळे 'पूर्ण सहमत' म्हणणार. उत्तरांत फरकच नसेल तर त्यांचा ताणाशी संबंध कसा काढणार? 'तुम्ही किती धार्मिक आहात?' हा प्रश्न उलट्या बाजूने दगा देतो. जो खरोखर पाळणारा आहे तोच म्हणतो, 'कसला धार्मिक, गुनहगार बंदा आहे मी,' आणि स्वतःला दोन पायऱ्या खाली ठेवतो. शिवाय 'धार्मिक' म्हटलं की एकाच्या डोळ्यांपुढे दाढी-टोपी येते, दुसऱ्याच्या इमानदारी. 'दीनदार' हा शब्द जास्त जवळचा, पण तोही आधी तपासून घे.

म्हणून कृती आणि वेळ धरून विचार: 'काल फज्र वेळेवर झाली, कजा झाली की राहिली?' (कजा म्हणजे वेळ टळल्यावर पढलेली.) फज्रला पहाटे उठावं लागतं, त्यामुळे माणसामाणसांतला फरक तिथे दिसतो. पर्यायांत 'सूट होती' हवंच. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते. तो पर्याय नसेल तर त्या मुलीचा शून्य आणि आळस करणाऱ्याचा शून्य सारखाच मोजला जातो. 'दिवसातून किती वेळा?' असं विचारलंस तर शिया घरातला मुलगा 'तीन' म्हणेल. दुपारच्या दोन (जुहर-अस्र) आणि संध्याकाळ-रात्रीच्या दोन (मगरिब-इशा) नमाज ते जोडून पढतात. पाचही झालेल्या असतात. जकातचा, म्हणजे सक्तीच्या दानाचा, प्रश्न विद्यार्थ्यांना विचारूच नकोस. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर असेल तर जकात लागू होते. वसतिगृहातल्या पोराकडे ती कुठून येणार? तुझ्या तक्त्यात बापाची श्रीमंती तेवढी उतरेल. हजचंही तेच.

आणि मिरजेत राहून मीरासाहेबांचा दर्गा विसरता येणार नाही. बरेलवी पंथाच्या घरात उरुसाला जाणं ही श्रद्धा, अहले हदीस पंथाच्या घरात न जाणं ही श्रद्धा. हा प्रश्न बेरजेत धरलास तर एकाचे गुण वाढवताना दुसऱ्याचे विनाकारण कापशील. तो वेगळ्या भागात ठेव.

कामाचा क्रम असा. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत किंवा दख्खनीत भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणायचं. मग 10-12 जणांना प्रश्न वाचून दाखव आणि 'यातून काय समजलं?' एवढंच विचार. त्यानंतर 30-40 जणांकडून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तोच फॉर्म दोनदा भरून घे, म्हणजे उत्तरं टिकतात का ते कळेल. मध्ये रमजान येऊ देऊ नकोस (तो दर वर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो). त्या महिन्यात सगळ्यांचेच आकडे चढतात. वीसेक प्रश्नांच्या घटक विश्लेषणाला (कुठले प्रश्न एका गटात बसतात ते बघायला) निदान 200 माणसं लागतात. आल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) 0.7 च्या वर हवा, पण एकच गोष्ट पाच तऱ्हांनी विचारली तरी तो 0.9 येतो, तेव्हा त्याला भुलू नकोस.

फॉर्म कोण भरून घेतं यानेही उत्तर बदलतं. कैरोतल्या एका प्रयोगात विचारणारी स्त्री हिजाबमध्ये असली की मुस्लिम बायका स्वतःला अधिक धार्मिक सांगत. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे 'हे कशासाठी विचारताय?' हा प्रश्न तर दारातच येतो. नाव, फोन नंबर लिहून घेऊ नकोस आणि संमतीपत्रक वाचून दाखव.

घरच्यांना स्पष्ट सांग, 'धार्मिकता संशोधक' अशी जागा कुठेच निघत नाही. नोकरी मिळते ती सर्वेक्षण आणि मापनशास्त्राच्या कौशल्यावर: मतचाचण्या, आरोग्य संशोधन, मानसशास्त्रीय चाचण्या, नेट-पीएच.डी. करून प्राध्यापकी. एम.ए. मानसशास्त्राला जा, किंवा मुंबईत देवनारच्या लोकसंख्याशास्त्र संस्थेचे, टिसचे (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे) अभ्यासक्रम बघ. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल तर मात्र ही वाट धरू नकोस. आर आणि जामोवी ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट आहेत, आजपासून शिक. थोडं उर्दू वाचता आलं तर फारच उत्तम. समाजशास्त्रज्ञ रियाझ हसन यांनी मुस्लिमांच्या धार्मिकतेवर इंडोनेशिया, पाकिस्तान, इजिप्त आणि कझाकस्तानात केलेलं काम आणि अबू रय्या व सहकाऱ्यांची 2008 ची इस्लामी धार्मिकतेची मोजपट्टी, एवढं एम.ए.च्या आधी वाचून हो.

ते 60 फॉर्म फेकू नकोस. या सूचीचे तीन भाग आहेत: सामूहिक (पहिला प्रश्न), खासगी (दुसरा) आणि आंतरिक (शेवटचे तीन). त्यांची बेरीज करायची नसते, असं ती तयार करणारेच सांगतात. पहिला प्रश्न फक्त मुलग्यांसाठी वापर, शेवटच्या तीन प्रश्नांचा ताणाशी संबंध मुला-मुलींसाठी वेगळा काढ, आणि मर्यादांमध्ये मशिदीची गोष्ट अर्ध्या पानात लिही. मॅडमना आधी ते अर्धं पान दाखव.