शाळेचं नाटक-नाच पहिल्यांदाच बसवताय?

जबाबदारी अचानक अंगावर पडली तरी घाबरू नका. पहिल्या खेपेला थोड्याच गोष्टी नीट सांभाळा.

संहिता छोटी घ्या. नवख्या मुलांना पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. लगेच पाठांतराच्या मागे लागू नका. आधी गोलात बसून नुसती वाचनं करा. कोण कोणाशी का बोलतंय हे कळलं की वाक्यं आपोआप तोंडात बसतात. नुसती घोकंपट्टी झालेली असेल तर एक शब्द विसरला की पोर पुरतं अडकतं.

खरी अडचण आवाजाची. माइकवर विसंबू नका. तालमीत शेवटच्या रांगेत बसा आणि ऐकू आलं नाही की हात वर करा. मग मुलं ओरडायला लागतील (लागतातच!). त्यांना सांगा, ओरडू नका, फक्त वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका. निम्मं काम तिथेच होतं.

नाचातल्या नेहमीच्या चुका:
- शेवटपर्यंत समोर उभं राहून करून दाखवणं. मुलं तुमच्याकडे बघून नाचतात, गाणं ऐकतच नाहीत.
- अवघड स्टेप्सचा हट्ट. सोप्या घ्या, रांगा आणि जागा बदला. जास्त उठून दिसतं.
- चांगली नाचणारी तीच चार मुलं कायम पुढे.

रंगीत तालीम (पूर्ण वेशभूषेसकट) कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी घ्या. ओढणी पायात येते, टोपी डोळ्यांवर घसरते, ते तेव्हाच कळतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

प्रकाशयोजना, नेपथ्य वगैरे पुढच्या वर्षी बघू. मात्र विंगेत (रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड) एक शांत डोक्याचं मोठं माणूस हवंच.