दहा जागा, थोडेसे उंदीर: सापडण्याची शक्यता (पी) एकत्र काढा, संख्या वेगवेगळी

म्हणजे तुमचं असं झालंय, सिंधुदुर्गात दहा जागा, पाच काजूबागा आणि पाच रानातल्या, प्रत्येक जागी ४० शर्मन ट्रॅप (उंदीर जिवंत पकडणाऱ्या पेट्या) चार रात्री लावले, सापडलेल्या उंदराला खूण करून सोडलं, आणि आता प्रत्येक जागी एकूण उंदीर किती याचा जागेगणिक वेगळा अंदाज काढायला बसलात तर तीन जागी सॉफ्टवेअर भलतेच आकडे देतंय आणि दोन जागी एकही उंदीर सापडलेला नाही. गाईड म्हणतायत की सोडून दे, सरळ किती पकडले तेवढंच लिही. प्लीज तसं करू नका, तुमच्या डेटात त्याहून बरंच जास्त आहे.

आधी आकडे भलते का येतात ते बघू. दोनच रात्री धरा, पहिल्या रात्री ४ उंदीर सापडले, दुसऱ्या रात्री ३. त्या तिघांत आधीची खूण असलेला एकही नसेल तर खुणेचे किती परत सापडले त्यावरून एकूण संख्या काढणाऱ्या साध्या लिंकन-पीटरसनच्या सूत्रात शून्याने भागावं लागतं, म्हणून चॅपमनची दुरुस्ती वापरतात, तिने १९ येतात. खुणेचा एक निघाला तर ९, दोन निघाले तर सहाच्या आत. म्हणजे एक उंदीर त्या रात्री ट्रॅपमध्ये शिरला की नाही एवढ्यावर तुमच्या जागेची संख्या निम्मी होते! सॉफ्टवेअरचा यात काही दोष नाही, एका जागेच्या डेटात तेवढी माहितीच नाहीये.

पण दहा जागा मिळून आहे. एका जागी पुन्हा सापडलेले दोन, दुसरीकडे तीन, असं करत एकूण बऱ्यापैकी होतात. आणि जागांमध्ये उंदरांची संख्या वेगळी असली तरी त्याच जातीचा उंदीर, तोच ट्रॅप, तेच आमिष, तोच मोसम असेल तर एका रात्रीत एक उंदीर सापडण्याची शक्यता, म्हणजे पी, साधारण सारखी असायला हरकत नाही. मग पी सगळ्या जागांवरून एकत्र काढायचा आणि संख्या मात्र प्रत्येक जागेची वेगळी ठेवायची, बस, तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर एवढंच. पी ०.२५ आला तर चार रात्रींत निदान एकदा सापडण्याची शक्यता ६८ टक्के होते, म्हणून जिथे ७ सापडले तिथे अंदाज साधारण १०.

आता "सारखी असायला हरकत नाही" हे मी म्हणालो खरं, पण ते तपासायलाच हवं, कारण बागेत आणि रानात पी वेगळा असू शकतो. बागेत पालापाचोळा साफ केलेला असतो, उंदीर ठरलेल्या वाटांनी फिरतो, खायला काय मिळतं तेही वेगळं. समजा रानात पी ०.१५ निघाला, तर तिथले ७ म्हणजे १० नव्हे, १५ च्या जवळ. दोन्हीकडे सातच पकडले आणि खरा फरक दीडपट! गाईडच्या पद्धतीने लिहिलं असतं तर "फरक नाही" असा निष्कर्ष आला असता, म्हणून मला ते इतकं लागतंय. तेव्हा एक मॉडेल पी सगळीकडे सारखा, एक बाग आणि रान वेगळे, आणि एक एकदा सापडल्यावर वागणूक बदलते असं, एवढी तीन तरी लावून बघा. तिसरं सोडू नका, सुक्या खोबऱ्याची चटक लागलेला उंदीर रोज रात्री त्याच ट्रॅपमध्ये येऊन बसतो, आणि ते धरलं नाही तर पी फुगतो आणि संख्या कमी दिसते. १९७८ साली ओटिस आणि सहकाऱ्यांनी अशा मॉडेलांची वर्गवारी नीट मांडली तेव्हापासून प्रत्येक प्राण्याचा पी वेगळा असं मॉडेलही सगळे लावतात, पण तुमच्याएवढ्या डेटावर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. संख्याशास्त्रज्ञ विल्यम लिंक यांनी २००३ मध्ये दाखवलंय की अशी वेगवेगळी मॉडेलं डेटाला सारखीच छान बसतात आणि संख्या मात्र वेगवेगळ्या देतात.

आमिष सगळीकडे एकच होतं ना, हे आधी वहीत बघा. आमच्याकडे एका मोसमात खोबरं संपलं म्हणून शेवटच्या काही जागांवर शेंगदाणे घातले, त्या सगळ्या रानातल्याच निघाल्या, आणि मग पीमधला फरक रानाचा की शेंगदाण्याचा हे कुठल्याही मॉडेलला सांगता येईना. तो फरक आम्हाला सोडून द्यावा लागला.

एकही उंदीर न सापडलेल्या जागांचं काय? मार्क किंवा आरमार्क या सॉफ्टवेअरमध्ये हगिन्सचं मॉडेल जागांना ग्रुप करून चालवलंत तर पी छान एकत्र निघतो, पण संख्या पकडलेल्यांना शक्यतेने भागून येते, म्हणून शून्य पकडले तिथे शून्यच. पी ०.२५ असेल तर तिथे खरे तीन उंदीर असून चारही रात्री तिन्ही हुकण्याची शक्यता ३ टक्के, पण एकच असेल तर ३२ टक्के. म्हणजे "फार नाहीत" हे खात्रीने म्हणता येतं, "नाहीत" हे नाही. ते बरोबर मांडायचं तर जागाजागांच्या उंदरांच्या संख्येवरच पॉयसन किंवा निगेटिव्ह बायनोमियल वितरण बसवणारं हायरार्किकल, म्हणजे वर संख्या आणि खाली पी अशा दोन पातळ्यांचं, मॉडेल लागतं. आर या सॉफ्टवेअरच्या अनमार्क्ड पॅकेजमध्ये मल्टिनोमियलवालं फंक्शन आहे, चार रात्रींच्या १५ कॅप्चर हिस्टऱ्यांपैकी (म्हणजे कुठल्या रात्री सापडला, कुठल्या नाही याचे क्रम) प्रत्येकीचे किती उंदीर हे जागेगणिक मोजून द्यायचं, फक्त त्या १५ शक्यता काढणारं छोटं फंक्शन स्वतः लिहावं लागतं. यात अजून एक फायदा, बाग की रान हे थेट संख्येवरच लावता येतं. आधी दहा अंदाज काढायचे आणि मग तेच खरे आकडे समजून त्यांच्यावर रिग्रेशन लावायचं हे खूप जण करतात, त्यात प्रत्येक अंदाजाची चूक किती मोठी आहे हे हरवून जातं. आणि दहाच जागा आहेत, तेव्हा संख्येवर एक व्हेरिएबल ठेवा, पाच नको.

ट्रॅपचा नंबर प्रत्येक पकडीला लिहिला असेल तर मात्र मी सरळ एसईसीआर, म्हणजे उंदीर कुठल्या ट्रॅपमध्ये सापडला ती जागाही धरून घनता काढणारं मॉडेल, करीन, प्रत्येक जागा एक सेशन धरून. ४० ट्रॅपचा ५ बाय ८ चा ग्रिड, दहा मीटर अंतर, म्हणजे पाव हेक्टरच्या थोडं वर, त्यात कडेचे उंदीर बाहेरून येणारच. बागेत ते लांब फिरत असतील तर तिथला ग्रिड जास्त मोठ्या भागातले उंदीर ओढतो आणि संख्या तीच दिसूनही घनता कमी असते. दिसलेले वेगळे आणि अंदाज वेगळा, हे वाघांचंही गणित आहे, २०१८ च्या व्याघ्रगणनेत २९६७ चा अंदाज आला त्यातले २४६१ वाघ फोटोत पट्ट्यांवरून एकेक ओळखलेले होते, बाकीचे मॉडेलने धरलेले.

पुढच्या मोसमात जाल तेव्हा हातमोजे घाला, त्या पट्ट्यात माकडताप आणि लेप्टो दोन्ही आहेत. आणि जागा कमी न करता रात्री वाढवता आल्या तर बघा, याच पीवर सहा रात्रींत ६८ चे ८२ टक्के होतात.