दुसरीतल्या मुलाला अक्षरं ओळखता येतात, पण शब्द वाचता येत नाही. काय करावं?

आधी ‘क ला काना का’ हे घोकणं थांबवा. ‘काका’ वाचताना मूल ‘क ला काना का, क ला काना का’ म्हणतं आणि शेवटी शब्दच विसरतं. ‘का’ दिसलं की थेट ‘का’ म्हणायचं, बस्स.

म, क, न, ल ही चारच अक्षरं आणि काना घ्या. मका, नाक, कान, लाल, कमल, मामा. एवढ्यावर ‘नाक लाल, कान लाल’ असं वाक्यसुद्धा होतं, आणि ते वाचून पोरं हसतात! मग वेलांट्या, उकार. जोडाक्षरं अगदी शेवटी. ‘सूर्य’मधला रफार तर मोठ्यांनाही लिहिताना छळतो. घ-ध, भ-म या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. रोज दहा मिनिटं पुरे.