जमिनीखाली गॅस किती? तुमचे प्रश्न

दाभोळचा वीजप्रकल्प 2009 पासून कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसवर चालू लागला आणि 2013 मध्ये गॅसअभावी थंडावला. एवढे तज्ज्ञ असून अंदाज हुकला कसा? (वाचक, गुहागर)

कृष्णा-गोदावरीच्या समुद्रातल्या केजी-डी6 या गॅसपट्ट्यातून एप्रिल 2009 मध्ये गॅस येऊ लागला. उद्दिष्ट होतं रोज 8 कोटी घनमीटरचं. 2010 मध्ये 6 कोटींच्या आसपास मजल गेली, मग घसरगुंडी. मुख्य डी1-डी3 क्षेत्र 2020 मध्ये बंदच झालं. रिलायन्स कंपनी म्हणाली, भूगर्भ वाटला त्याहून गुंतागुंतीचा निघाला. सरकार म्हणालं, ठरल्या तेवढ्या विहिरीच खोदल्या नाहीत. प्रकरण लवादाकडे गेलं.

घरचा सिलिंडर उचलून बघता येतो. समुद्रतळाखालच्या वाळूत साठलेल्या गॅससाठी आम्ही दाब मोजतो. आडव्या अक्षावर काढलेला गॅस, उभ्यावर उरलेला दाब. बिंदू जोडत पट्टी लावायची. रेघ खाली जिथे टेकेल, तेवढा एकूण साठा. गंमत अशी, की सुरुवातीला बिंदू असतात दोन-तीन. पट्टी जराशी कलली की साठा दुप्पट, नाहीतर निम्मा. त्यात खालून पाणी शिरलं, तर रेघ सरळही राहत नाही. आणि पाइपलाइन, वीजप्रकल्प यांचे निर्णय? ते पहिला बिंदू मिळायच्या आधीच झालेले असतात!

मग ‘अमुक देशात एवढा साठा’ या बातम्या खोट्या?

खोट्या नाहीत, अर्धवट. खडकात असलेला गॅस वेगळा, परवडेल अशा खर्चात वर येणारा वेगळा. पोलंडच्या शेल गॅसचा (शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेल्या गॅसचा) अमेरिकी अंदाज 2011 मध्ये 5 लाख कोटी घनमीटरहून जास्त होता. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूगर्भ संस्थेने तो 1 लाख कोटींच्याही खाली आणला. बड्या कंपन्या विहिरी खोदून, हात झटकून परतल्या.

अंदाज नेहमी जास्तच निघतात का?

छे. लुइझियानातलं सबाइन पास टर्मिनल बांधलं ते अमेरिकेला गॅस कमी पडणार म्हणून, आयातीसाठी. अमेरिकेतल्याच शेल गॅसने हिशेब उलटा केला आणि 2016 पासून तिथूनच निर्यात सुरू झाली. टाक्या त्याच, धक्का तोच.

माझी रिक्षा सीएनजीवर आहे. पुढच्या वर्षी भाव काय असेल?

नाही सांगणार. देशी गॅस पुरत नाही, उरलेला एलएनजी म्हणून, म्हणजे थंड करून द्रवरूपात, जहाजाने येतो. त्याचा आशियातला भाव (दर दहा लाख बीटीयूला; बीटीयू हे उष्णतेचं माप) 2020 मध्ये 2 डॉलरच्या खाली होता, युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये 50 च्या वर. त्या दोन वर्षांत जमिनीखालचा गॅस होता तिथेच होता.