सिकलसेलची नळी बघताना

लॅबमधला तुझा पहिलाच महिना, म्हणून काल राजवाड्यापर्यंत चालताना बोललो ते लिहून देते. आपल्या इंदूरला झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडचे रुग्ण येतात आणि त्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, पुष्कळ आहे.

सॉल्युबिलिटी टेस्टची, म्हणजे द्रावणात रक्त मिसळून करायच्या पहिल्या चाचणीची नळी रेघांच्या कागदापुढे धर. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. माणूस आजारी आहे की नुसता वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला, स्वतः आजारी नसलेला), ते नळी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी हवीच. मी नवी असताना एका गरोदर बाईला घाईघाईत "तुम्हाला सिकलसेल आहे" सांगून बसले. निघाली वाहक. पदराचं टोक मुठीत धरून ती बाकावर बसली होती, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर या नळीवर विसंबू नकोस. गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं, रेघा खोट्याच स्वच्छ दिसतात. नुकतंच रक्त चढवलंय का, तेही विचार.

आणि मधुमेहाची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, या हिशोबावर ती उभी आहे. सिकलसेलच्या आजारात पेशी लवकर फुटतात, मग साखर वाढलेली असूनही आकडा कमी येतो. 2017 साली जी-सिक्स-पीडीच्या (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमच्या) एका जनुकीय बदलाबद्दलही संशोधकांना हेच आढळलं. आकडा आणि रुग्णाची साखर जुळत नसेल, तर अहवाल सोडण्याआधी डॉक्टरांना फोन कर.